'सौहार्द्र' नको, सलगी द्या

प्रश्न असा आहे: झूमवर घेतलेल्या गुणात्मक मुलाखतींवरच्या (आकड्यांऐवजी अनुभव ऐकणाऱ्या) प्रबंधात 'रॅपो बिल्डिंग'ला, म्हणजे मुलाखत देणाऱ्याशी विश्वासाचं नातं जोडण्याला, 'सौहार्द्र प्रस्थापित करणे' म्हटलं तर चालेल का?

आधी तो 'द्र' काढा. आर्द्रतेचा इथे काडीचा संबंध नाही. शब्द सुहृद् म्हणजे मित्र यापासून आलाय, आणि पाणिनीच्या ७.३.१९ या सूत्राने दोन्ही पदांना वृद्धी होऊन, म्हणजे 'सु'चा 'सौ' आणि 'हृ'चा 'हार्' होऊन, 'सौहार्द' होतो. सुभगाचं सौभाग्य होतं ते याच सूत्राने. 'सौभाग्र्य' कुणी लिहीत नाही, मग 'सौहार्द्रपूर्ण वातावरणात चर्चा' रोज का ऐकायची?

दुसरं, 'प्रस्थापित' सत्ता होते. पंचेचाळीस मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर सौहार्द प्रस्थापित होत नाही. झालंच तर समोरचा जरा मोकळा होतो. 'रॅपो' तर बोलूच नका, ऐकणाऱ्याला रिझर्व्ह बँकेचा दर आठवतो.

मराठीत यासाठी नेमका शब्द आहे: सलगी. नाक मुरडणारे म्हणतील, सलगी म्हणजे आगाऊपणा. त्यांनी क्रियापद पाहिलेलं नाही. सलगी 'करतो' तो धाकटा, आणि ती खटकते. सलगी 'देतो' तो थोरला. समर्थांच्या नावावरच्या, संभाजीराजांना लिहिलेल्या पत्रात शिवरायांचं बोलणं-चालणं आठवायला सांगून पुढे येतं ते 'सलगी देणे'च. मुलाखतीत प्रश्न, रेकॉर्डिंग आणि वेळ तुमच्या हातात, म्हणजे थोरले तुम्ही; सलगी तुम्हीच द्यायची. हा असमतोल 'सौहार्द'मध्ये दिसतच नाही.

व्युत्पत्ती माझ्या मते 'संलग्न'कडे जाते. तिथूनच 'सलग', म्हणजे न तुटलेलं. कुणी फारसीकडे बोट दाखवतं, पण घरात 'लग्' (चिकटणे) हा संस्कृत धातू असताना शेजारी उसनं मागायला कशाला जायचं?

आणि ऑनलाइन नेमकं सलगपणच तुटतं. आवाज थोडा उशिरा पोहोचतो. आपण सवयीने 'हं, हं' म्हणतो, ते समोरच्याच्या वाक्यावर आदळतं, एकाचा आवाज दबतो, आणि बोलणारी बाई 'तुम्ही काही म्हणालात का?' म्हणून थांबते. म्हणून तोंडी हुंकार कमी, मान जास्त डोलवा. तिचं वाक्य संपल्यावर मनात तीन मोजा, मगच पुढचा प्रश्न. तिच्या चेहऱ्याची खिडकी कॅमेऱ्याच्या अगदी खाली ओढून ठेवा, नाहीतर तुमची नजर सतत खाली झुकलेली दिसते. आदल्या दिवशी दहा मिनिटं साधा फोन करा: लिंक उघडते का, शेजारी कोण बसलेलं असेल, हेडफोन आहे का. सासू त्याच खोलीत असेल तर सासरचे प्रश्न त्या दिवशी काढूच नका. लाइन तुटली तर फोन कोण करणार हेही तेव्हाच ठरवा, आणि परत जोडल्यावर 'कुठे होतो आपण?' न विचारता तिचंच शेवटचं वाक्य तिला ऐकवा.

संमतीपत्र 'सहभागी व्यक्तीने नोंद घ्यावी' अशा सुरात वाचलंत तर दिलेली सलगी तिथेच परत घेतलीत. 'ताई, कुठलाही प्रश्न नको वाटला तर सांगा, सोडून देऊ' एवढं बोला, होकार घ्या, मगच रेकॉर्डिंगचं बटण दाबा. होकार रेकॉर्डवर हवा असेल तर तोच प्रश्न पुन्हा विचारा. मात्र अति सलगीने ती तुम्हाला आवडेल तेच सांगू लागते. उत्तरं फार गुळगुळीत यायला लागली की ओळखा.

मार्गदर्शकांना 'सलगी देणे' पचलं नाही तर 'सूर जुळवणे' लिहा. 'सौहार्द'ही चालवून घेईन, 'द्र' नसेल तर.