जुन्या हॉलिवूडचे पिक्चर आणि ७०नंतरचे, फरक फक्त टेक्नॉलॉजीचाच आहे का?

तुम्ही विचारलंय की १९४०च्या आसपासचे हॉलिवूडचे पिक्चर आणि १९७०नंतरचे यांच्यात कॅमेरे, रंग, साउंड सुधारला एवढाच फरक आहे का. माझ्या मते नाही. गोष्ट सांगायची पद्धत बरीचशी तीच राहिली, बदललं ते हे की सीन कसा दिसणार हे कोण ठरवतं आणि कधी ठरवतं. दोनच पिक्चर घेऊन सांगतो, ‘कासाब्लांका’ (१९४२) आणि शार्कच्या भीतीवरचा ‘जॉज’ (१९७५), कारण हे दोन्ही मी कितीदा बघितलेत त्याची मोजदाद नाही.

‘कासाब्लांका’ जवळजवळ सगळा वॉर्नर ब्रदर्सच्या बरबँकमधल्या स्टुडिओच्या आवारात झाला. त्या आवारात कॅमेरामन, सुतार, शिंपी, लेखक, एडिटर, नट सगळे पगारी (आपल्या प्रभातमध्येही कलाकार महिन्याच्या पगारावर असायचे, तसंच काहीसं पण प्रचंड मोठ्या प्रमाणावर). नटांचे करार सात सात वर्षांचे, रोल नाकारला तर पगार बंद आणि तेवढे दिवस करारात पुढे वाढवायचे. आणि थिएटरंही स्टुडिओचीच, म्हणजे पिक्चर बनवायचा आपण, वाटायचा आपण, दाखवायचा पण आपणच. मग वर्षभर त्या पडद्यांना माल पुरवायला हवा ना, म्हणून आधी दुसऱ्या पिक्चरसाठी उभारलेली गल्ली याच्यातही वापरली.

आता याचा पडद्यावर परिणाम काय होतो बघा. कॅमेरामन आर्थर एडिसन नायिका इन्ग्रिड बर्गमनला शक्यतो डाव्या बाजूनं घेतो, लेन्सवर जाळी लावून चेहरा मऊ करतो आणि डोळ्यात चमक यावी म्हणून वेगळा बारका लाइट देतो. हे सगळं फ्लोअरवरच ठरलेलं, माणसं रोज तेच काम करणारी, हात बसलेला. शेवटचा विमानतळ पण स्टुडिओच्या आतच आहे, मागचं विमान खऱ्यापेक्षा लहान, खोटं, म्हणून त्याच्याभोवती मेकॅनिक म्हणून मुद्दाम कमी उंचीची माणसं उभी केली आणि वरून धुकं सोडलं. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा परत जाऊन तो सीन बघितला, माहीत असूनही विमान खरंच वाटतं, आणि त्याचं कारण हेच की आपलं लक्ष कुठे असणार हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. त्यातलं शेवटचं वाक्य तर शूटिंग संपल्यावर निर्माता हॅल वॉलिसनं लिहिलं, नायक हंफ्री बोगार्टला परत बोलावून नुसतं डब करून घेतलं, तो आणि पोलीस कॅप्टन पाठमोरे धुक्यात चाललेत त्यामुळे ओठ जुळवायचा प्रश्नच नाही. म्हणजे पिक्चरवर शेवटचा हात निर्मात्याचा.

मग ही व्यवस्था एकेक करून सुटत गेली. १९४४ला नटी ऑलिव्हिया डी हॅविलंड करार असा पुढे वाढवण्याच्या मुद्द्यावर वॉर्नरविरुद्धची केस जिंकली, १९४८ला सुप्रीम कोर्टाच्या पॅरामाउंट निकालामुळे स्टुडिओंना थिएटरं सोडावी लागली, वर टीव्ही आला. १९३४पासून कडक लावलेला सेन्सॉरचा प्रॉडक्शन कोड (पडद्यावर काय दाखवायचं याचे नियम) जाऊन १९६८ला प्रेक्षकाच्या वयाप्रमाणे रेटिंग आली. पण मला थिएटरं जाणं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण हक्काचा पडदाच गेला म्हटल्यावर शेकडो माणसं पगारावर ठेवायची कशाला, मग प्रत्येक पिक्चर म्हणजे वेगळा संसार, स्क्रिप्ट दिग्दर्शक स्टार कुणीतरी एजंट जुळवून आणणार आणि स्टुडिओ पैसा आणि वितरण देणार.

‘जॉज’ युनिव्हर्सलचा, पण शूटिंग मार्थाज व्हिनयार्ड बेटावर खऱ्या समुद्रात. ५५ दिवस ठरले होते, लागले १५९. यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा म्हणून तो नीट दिसतो तोच तासाभरानंतर, तोपर्यंत भीती उभी केली आहे ती एडिटर व्हर्ना फील्ड्सनं, आणि ऑस्कर तिला मिळालं ते अगदी योग्य. बुडालेल्या बोटीच्या भोकातून डोकं बाहेर येतं तो धक्का तर प्रीव्ह्यू झाल्यावर सुचला, स्टुडिओ आणखी पैसे देईना तेव्हा दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्गनं स्वतःच्या खिशातून घालून तो शॉट फील्ड्सच्या घरच्या स्विमिंग पूलमध्ये घेतला, पाणी गढूळ दिसावं म्हणून त्यात दुधाची पावडर टाकली. वॉलिसचं ते वाक्य आणि हा पूल शेजारी ठेवून बघा, दोन्ही शूटिंगनंतरच्या दुरुस्त्या, पण पहिली पगार देणाऱ्या मालकाच्या बाजूनं आलेली आणि दुसरी बाहेरून एका पिक्चरपुरत्या आलेल्या दिग्दर्शकाची. हाच तो फरक.

तंत्रात म्हणाल तर डेव्हिड बॉर्डवेल या अभ्यासकानं शॉट मोजून दाखवलंय की १९३० ते ६०मध्ये एक शॉट साधारण ८ ते ११ सेकंद चालायचा, शतकाच्या शेवटी तो ३ ते ६वर आला. क्लोजअप वाढले, कॅमेरा जास्त हलायला लागला. पण जुने नियम मोडले असं तो म्हणत नाही, उलट तेच नियम जास्त जोरात वापरले म्हणतो, आणि मला ते शंभर टक्के पटतं. पूर्वी दोन माणसं कमरेपासून वर एकाच फ्रेममध्ये उभी असायची आणि आपणच ठरवायचो कुणाकडे बघायचं, त्यात हात, खांदे, उभं राहायची ढब सगळं बोलायचं. आताच्या पिक्चरमध्ये हे मला फार कमी दिसतं आणि त्याचं वाईट वाटतं, नटाचं अर्धं काम कापलं जातं हो.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर ‘जॉज’मधला फेरीबोटीचा सीन काढा. मेयर, डॉक्टर, पोलीसप्रमुख ब्रॉडी, सगळे बोलत बोलत कॅमेऱ्याजवळ येतात, मागे किनारा सरकत राहतो आणि मध्ये एकही कट नाही, सगळं उभं राहण्याच्या जागांवर चाललंय, मेयर ब्रॉडीच्या किती जवळ येतो तेवढ्यावरूनच बीच बंद करू नको हा दबाव कळतो. आणि त्याच्या पाठोपाठ लगेच बीचचा सीन येतो, ब्रॉडी वाळूत बसलाय, लोक कॅमेऱ्यासमोरून जातात आणि प्रत्येक जाणाऱ्या माणसाआड एक कट लपवलाय, दर कटला त्याचा चेहरा आणखी जवळ.