बोटं आखडतात म्हणून एफडी मोडू का?

मुलुंडच्या एका ताईंचं पत्र आहे. वय ५३, काही वर्षांपासून आमवात. घरी बसून कोर्टाच्या कागदपत्रांचं टायपिंग आणि भाषांतर करतात. सकाळी बोटं आखडलेली, दुपारनंतर मनगट साथ देत नाही, त्यामुळे महिन्याची कमाई २६ हजारांवरून १७ हजारांवर आली आहे. बोललेलं टाइप करणारं ड्रॅगन प्रोफेशनल आणि नवा लॅपटॉप, असा १ लाख ३५ हजारांचा खर्च त्यांच्या मनात आहे. गाठीशी २ लाखांची एकच एफडी. ती मोडू का, असं विचारतात.

ताई, आत्ता मोडू नका. आवाजावर काम करायचा तुमचा विचार अगदी योग्य आहे आणि त्यावरचा खर्च चैनीचा नाही. कशावर आधी खर्च करायचा, एवढंच बदलू या.

ड्रॅगनला मराठी येत नाही. तुमचं दोन तृतीयांश काम मराठी प्रतिज्ञापत्रं आणि खरेदीखतांचं आहे, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे सुमारे ७०० डॉलर मोजून मदत होणार ती उरलेल्या इंग्रजी कामालाच. मराठीसाठी गूगल डॉक्समधलं व्हॉइस टायपिंग फुकट आहे. क्रोममध्ये डॉक्स उघडून टूल्स मेनूत गेलात की सापडेल, तुमच्या २०१६ च्या लॅपटॉपवरही चालेल. मात्र मराठीत पूर्णविराम, स्वल्पविराम हातानेच द्यावे लागतात, आणि गट नंबर, आडनावं, ‘सबब’, ‘लिहून देणार’ अशा जागी नजर ठेवावी लागते. खरेदीखतातला ठरावीक मजकूर साचा म्हणून साठवून ठेवा. तो रोज बोलायचीही गरज नाही.

पहिला खर्च हेडसेटचा करा. तोंडाजवळ माइक येणारा यूएसबी हेडसेट दोन-तीन हजारांत मिळतो. लॅपटॉपचा माइक पंखा, शेजारच्या कुकरची शिट्टी, खालच्या रिक्षाचा हॉर्न सगळं ऐकतो, आणि त्या चुका सुधारायला पुन्हा बोटंच झिजवावी लागतात.

आता हिशेब. बुडालेल्या ९ हजारांपैकी निम्मे जरी परत आले, तरी महिन्याला साडेचार हजार. हेडसेटचे पैसे महिन्याभरात सुटतील. १ लाख ३५ हजार सुटायला ३० महिने लागतील, आणि तेही सगळं जमलं तर. म्हणून महिनाभर वहीत रोज दोनच गोष्टी लिहा: तपासून पूर्ण झालेली पानं आणि संध्याकाळी हात किती दुखला. घसाही सांभाळा. आमवात स्वरयंत्राच्या सांध्यालाही धरू शकतो. आवाज बसायला लागला तर डॉक्टरांना सांगा.

लॅपटॉप मात्र आज ना उद्या लागेलच. विंडोज १० ला नेहमीचे सुरक्षा अपडेट मिळणं ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झालं आणि २०१६ चं यंत्र विंडोज ११ साठी अधिकृतपणे चालत नाही. विंडोज ११ मध्ये व्हॉइस ॲक्सेस मोफत येतं, इंग्रजी बोलून टायपिंग आणि माउसचं कामही करता येतं, आणि एकदा बसवलं की इंटरनेटही लागत नाही. अशिलांच्या कागदांसाठी ही मोठी गोष्ट आहे, कारण गूगलमध्ये तुमचा आवाज त्यांच्या सर्व्हरवर जातो. वकिलांना आधी विचारा. ते नको म्हणाले आणि व्हॉइस ॲक्सेसही अपुरं पडलं, तरच इंग्रजीसाठी ड्रॅगन घ्या. ते तुमच्याच संगणकावर काम करतं.

लॅपटॉपसाठी एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट काढा, म्हणजे एफडी तारण ठेवून बँकेकडून लागेल तेवढी उचल घ्या. व्याज साधारणपणे एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतं, वापरलेल्या रकमेवरच लागतं आणि जमेल तसं फेडता येतं. कर वाचेल म्हणून काही विकत घेऊ नका. तुमच्या उत्पन्नावर मुळात कर लागत नाही, त्यामुळे अपंगत्वाच्या ७५ हजारांच्या वजावटीचाही तुम्हाला उपयोग नाही.

एफडी मला हवी आहे ती आमवात उसळेल त्या दिवसांसाठी, जेव्हा काम बंद आणि औषधं जास्त असतील. आरोग्य विम्याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. नसेल तर याच आठवड्यात चौकशी करा आणि अर्जात आजार लपवू नका. जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजारांचा खर्च विम्यातून मिळत नाही तो काळ, २०२४ पासून जास्तीत जास्त ३ वर्षं आहे, पण तो पॉलिसी सुरू झाल्यावरच मोजला जातो.

आणि हाजीअलीच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्टना हात एकदा दाखवाच. मनगटाचा पट्टा कोणता, टेबल किती उंच, हे ते बघून सांगतील. महिन्याची वही भरली की मला पाठवा, लॅपटॉप किती रुपयांपर्यंतचा घ्यायचा ते तेव्हा ठरवू.