दुहेरी चिमणी की जोडधुराडं?

प्रश्न असा आला आहे: वाफेच्या इंजिनांचा वेगविक्रम करणाऱ्या 'मॅलार्ड'ला 'डबल चिमणी' होती असं वाचलं, पण फोटोत एकच धुराडं दिसतं. मग 'डबल' कशाला? आणि मराठीत 'दुहेरी चिमणी' म्हटलं तर चालेल का?

चालेल, पण मी म्हणणार नाही.

आधी 'डबल'चं बघू. फोटो काढणारा इंजिनाच्या समोर किंवा बाजूला उभा असतो, म्हणून फसगत होते. पुलावर उभं राहून खाली पाहिलं तर धुराड्याचं तोंड गोल नाही, इंजिनाच्या लांबीच्या दिशेनं लांबट आहे आणि आत एकामागं एक दोन भोकं आहेत, हे कळतं. जोडकेळं आठवा. साल एक, आत गर दोन.

म्हणूनच 'दुहेरी' मला खटकतो. बॅडमिंटनमध्ये तो शब्द ठीक आहे, पण वस्तूला लावला की कानाला पदर किंवा घडी ऐकू येते, दुहेरी दोरा म्हणतो तशी. दुहेरी धुराडं म्हणजे दोन पत्र्यांचं धुराडं असं वाटायचं. दोन वस्तू मिळून एक अंग झालं की मराठीत 'जोड' लागतो: जोडाक्षर, जोडकेळं. तेव्हा जोडधुराडं. 'चिमणी' चुकीची नाही, पण ती गिरणीवरची उंच बरी. शिवाय एक चिमणी अंगणात दाणे टिपते आणि एक घासलेटवर जळते. इंजिनावरच्या त्या बुटक्या प्रकाराला धुराडंच शोभतं.

याच ओघात 'ब्लास्ट पाइप'ला कुणी 'फुंकणी' म्हणतं, तेही सांगून टाकतो. चुलीपुढं बसून आपण फुंकणीनं निखाऱ्यांवर हवा मारतो. इंजिनात उलटं आहे. सिलिंडरमधलं काम उरकलेली वाफ धुराड्याखालच्या नळीतून वर सुटते, जाताना धूर ओढून नेते आणि त्या ओढीनं भट्टीत ताजी हवा शिरते. म्हणजे फुंकर वर, ओढ खाली. मी 'ओढनळी' म्हणतो.

खरी मेख या नळीच्या तोंडात आहे. तोंड बारीक केलं तर ओढ वाढते, पण वाफ अडून पिस्टनलाच मागं रेटते. मोठं केलं तर रेटा कमी, पण आगही मंद. फिनलंडच्या क्युलॅला यांनी झोताची चार फाट्यांत विभागणी करणारं तोंड काढलं, म्हणजे वाफेला धूर पकडायला जास्त जागा मिळाली. फ्रान्सच्या आंद्रे शाप्लाँ यांनी त्यात भर घातली. दोघांच्या नावांचे तुकडे जोडून 'किलचॅप' झालं. इंग्रजी तोंडात दोन्ही नावांचे उच्चार बिघडले आहेत, पण शब्द रुळला आहे, त्याचं मराठी करू नये. मॅलार्डला जोड किलचॅप, म्हणजे धुराड्याच्या दोन भोकांखाली अशी दोन तोंडं, पहिल्यापासून होतं आणि ३ जुलै १९३८ रोजी ती ताशी १२६ मैलांवर गेली. तिच्या वर्गातल्या बहुतेक इंजिनांना मात्र ते मिळायला १९५७-५८ उजाडलं.

'फ्लाइंग स्कॉट्समन' या दुसऱ्या नावाजलेल्या ब्रिटिश इंजिनाची गंमत वेगळी. तिला जोडधुराडं बसलं १९५९च्या सुमारास. इंजिन सुधारलं, पण झोत इतका मऊ झाला की धूर उंच जाईना, बॉयलरला लगटून मागं येऊन ड्रायव्हरच्या डोळ्यांपुढं पसरू लागला. शेवटी १९६१ मध्ये धुराड्याच्या दोन्ही बाजूंना उभे पत्रे लावावे लागले. त्यांना 'धूरपत्रे' म्हटलं तर कुणालाही कळेल.

आणि आपली 'झुकझुक'? तीही याच नळीतून येते. वाफेचा एकेक सुटलेला श्वास म्हणजे एकेक 'झुक'. दोन सिलिंडरच्या साध्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार, तीन सिलिंडरच्या 'स्कॉट्समन'मध्ये सहा. जोडधुराड्यानं तो आवाजही मऊ होतो, त्यामुळं तिथं 'झुक' जरा 'फुस'कडं झुकतो.