‘बिनधास्त’ मुलगी : तक्रार की कौतुक?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. प्रगतिपुस्तकावर बाईंनी ‘वागणे बिनधास्त’ असा शेरा दिलाय. तिची आजी म्हणते ही तक्रार आहे, मला ते कौतुक वाटतं. शब्दाचा खरा अर्थ काय? आणि ‘बिंधास्त’ लिहायचं की ‘बिनधास्त’?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ‘बिनधास्त’च लिहा, बिनचूक, बिनशर्त लिहितो तसंच. बिन म्हणजे विना आणि धास्त म्हणजे धास्ती, अरबी ‘दहशत’वरून आपल्याकडे आलेली. मुंबईच्या हिंदीत त्याचं ‘बिंदास’ झालं.

माझ्या कानात हा शब्द बसला तो मामाच्या मळ्यातल्या विहिरीवर. मी आठ वर्षांची, पाठीला वाळका भोपळा बांधलेला, पाय पायरीला चिकटलेले. मामा खाली पाण्यात हात मारत ओरडला, “टाक उडी बिनधास्त, मी हाय!” मी उडी टाकली. भीती वाटण्याचं कारणच त्याने काढून घेतलं होतं.

त्याच विहिरीत, पावसाळ्यात पाणी काठाला लागलेलं असताना मामेभावाने भोपळ्याशिवाय उडी घेतली. पोहता येत नव्हतं. त्याला वर काढल्यावर मामाने ओला पंचाच पाठीत हाणला : “बेफाम झालंय कार्टं!” बेफाममधला ‘फाम’ म्हणजे अरबी ‘फहम’, समज. ती सुटली की माणूस बेफाम. आणि पाणी शेंदून दोर तसाच वाटेत टाकून जाणारा तो बेफिकीर. धास्ती, समज, फिकीर. कुणाकडे काय नाही, ते बघून शब्द निवडायचा.

आजींना तक्रार का वाटली, तेही कळतं. मुलगा बिनधास्त असला की धाडसी म्हणायचं आणि मुलगी बिनधास्त असली की हाताबाहेर गेली म्हणायचं, हे आपण वर्षानुवर्षं करत आलोय. मला याचा फार राग येतो. एवढा चांगला शब्द आपणच नासवला.

बाईंना एकदा भेटा. मुलगी वर्गात न घाबरता प्रश्न विचारते म्हणून शेरा दिलाय, की चारदा सांगूनही ऐकत नाही म्हणून, एवढं विचारा. पहिलं असेल तर शेरा आजींना पुन्हा वाचून दाखवा. दुसरं असेल तर बाईंना म्हणावं, शब्द बदला.