मोजिबाके आणि तोफू: दोन्ही एकच का?

प्रश्न असा आहे: जपानी फाइल उघडली की कधी भलतीच, न जुळणारी अक्षरं दिसतात, तर कधी नुसते रिकामे चौकोन. दोन्हींना 'मोजिबाके' म्हणायचं का?

नाही. मोजिबाके फक्त पहिल्या प्रकाराला. 'मोजि' म्हणजे अक्षर आणि 'बाकेरु' म्हणजे रूप पालटणं. जपानी लोककथांतला कोल्हा माणसाचं रूप घेतो तेव्हा हेच क्रियापद येतं. शब्द फार नेमका आहे. फाइलमधले बाइट, म्हणजे अक्षरांसाठी साठवलेले आकडे, जागच्या जागी असतात, पालटतं ते त्यांचं सोंग: ते एका पद्धतीने लिहिलेले असतात आणि वाचले जातात दुसऱ्याच पद्धतीने.

जपानीत हा घोळ फार झाला, कारण १९७८ च्या 'जिस' या जपानी औद्योगिक प्रमाणातला अक्षरसंच बाइटमध्ये मांडायच्या तीन पद्धती (एन्कोडिंग) रूढ झाल्या: ईमेलसाठी आयएसओ-२०२२-जेपी, युनिक्स या संगणकप्रणालीवर ईयूसी-जेपी, पीसीवर शिफ्ट-जिस. मग यूटीएफ-८ आलं, म्हणजे सगळ्या लिप्यांना सामावणाऱ्या युनिकोड संचाची मांडणी. हिरागाना या जपानी लिपीतल्या 'अ'चे बाइट (सोळाच्या पायावर लिहिलेले) शिफ्ट-जिसमध्ये ८२ ए०, ईयूसीत ए४ ए२, यूटीएफ-८ मध्ये ई३ ८१ ८२. यूटीएफ-८ मध्ये हिरागानाची सुरुवात ई३ ८१ किंवा ई३ ८२ अशीच होते. शिफ्ट-जिस समजून वाचलं तर ई३ ८१ या जोडीची एक कांजी (चिनी वळणाचं जपानी अक्षर) होते आणि तिचा अर्थ 'गुंतणं'! बिघडलेल्या मजकुरात ती पुन्हापुन्हा डोकावते, त्यामुळे जाणकार तिच्यावरूनच दुखणं ओळखतात.

रिकाम्या चौकोनांना म्हणतात 'तोफू'. तिथे संकेतांक, म्हणजे अक्षराचा ठरलेला क्रमांक, बरोबर वाचलेला असतो, फॉन्टमध्ये त्या अक्षराचं चित्र नसतं. गूगलच्या 'नोटो' फॉन्टचं नाव 'नो तोफू' यावरूनच पडलं. फॉन्ट बदलला की तोफू जातो. मोजिबाकेत फॉन्ट कितीही बदला, एन्कोडिंग बदलल्याशिवाय काही होत नाही.

युनिकोडपूर्वीचे आपले मराठी फॉन्ट आठवा. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी चित्रं बसवलेली, फॉन्ट नसला की पानभर रोमन अक्षरांची खिचडी. उपाय फॉन्टचा असला, तरी मी त्याला मोजिबाकेच म्हणेन, कारण तिथे फॉन्ट हेच एन्कोडिंग होतं.

राहिली प्रश्नचिन्हं. अक्षरांच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्हं साठवली गेली असतील, तर मूळ बाइट गेलेले असतात आणि ती फाइल दुरुस्त होत नाही. म्हणून मोजिबाके दिसलं की आधी फाइल सेव्ह न करता बंद करा, मग योग्य एन्कोडिंग निवडून पुन्हा उघडा.