आधी गोदावरी वाच

अरे, पाणीवाटप शिकायचं तर थेट कृष्णेच्या भांडणात उडी मारू नकोस. गोदावरीचा 1980 चा निवाडा घे; बच्छावत लवादाने (राज्यांमधला पाण्याचा तंटा सोडवणाऱ्या न्यायमंडळाने) तो बराचसा राज्यांच्या आपसांतल्या करारांवरच उभा केलाय. नकाशा पसर, पैठणवर बोट ठेव. तिथपर्यंत गोदावरीचं आणि सिद्धेश्वर धरणापर्यंत पूर्णेचं सगळं पाणी महाराष्ट्राचं. त्याखाली तेलंगणातल्या पोचमपाड धरणापर्यंत महाराष्ट्राच्या नव्या प्रकल्पांना 60 टीएमसीची (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) मर्यादा. यातला ‘नव्या’ हा शब्द दोनदा वाच. मी पहिल्या वर्षी तो गाळून हिशेब मांडला होता, साहेबांनी कागद तसाच परत सरकवला! मग कृष्णेकडे ये. तिथल्या वर्षभराच्या पाण्याचा 2060 टीएमसी हा आकडा सरासरी नव्हे, 75 टक्के विश्वासार्हतेचा. म्हणजे चारांतल्या साधारण तीन वर्षी तेवढं तरी पाणी येतं.