लाकडं फोडायला हायड्रॉलिक लॉग स्प्लिटर घ्यायचाय. २२, २७ की ३७ टनांचा घेऊ?

पेनसिल्व्हेनियात जुनं घर, त्यात लाकडाचा स्टोव्ह, मागच्या वादळात परसात आडवी झालेली पाच-सहा झाडं, आणि दुकानात रांगेने उभ्या स्प्लिटरांवरचे टनांचे आकडे बघून गरगरलेलं डोकं. तुमचा प्रश्न वाचून मला माझंच पहिलं वर्ष आठवलं. मी न्यूयॉर्क राज्यात इथाकाजवळ राहतो आणि गेले अकरा हिवाळे घर लाकडावर तापवतोय.

थेट उत्तर आधी देतो. वर्षाला तीन-चार कॉर्ड जाळणार असाल तर २० टन भरपूर झाले. (कॉर्ड म्हणजे चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब थप्पी, १२८ घनफूट. लाकूडवाल्याने 'फेस कॉर्ड' म्हटलं तर कान टवकारा, ती साधारण याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी असते.) पण ते २० टन खरे हवेत. स्टिकरवरच्या आकड्यावर विसंबू नका. खिशात टेप घेऊन दुकानात जा.

हिशोब शाळेतलाच आहे. जोर म्हणजे तेलाचा दाब गुणिले पिस्टनचं क्षेत्रफळ. या यंत्रांचा दाब बहुधा चौरस इंचाला ३००० पौंडांच्या आसपास लावलेला असतो. सिलिंडर आतून ४ इंच व्यासाचा असेल तर क्षेत्रफळ १२.५६ चौरस इंच, म्हणजे सुमारे ३७,७०० पौंड. इथला टन २००० पौंडांचा, म्हणजे झाले जेमतेम १९ टन. साडेचार इंचांचा असेल तर जवळपास २४, पाच इंचांचा असेल तर २९ च्या थोडं वर. आता ४ इंची सिलिंडरवर कोणी '२७ टन' चिकटवलं असेल तर त्याला ४३०० पौंडांचा दाब लागेल. तेवढा दाब पंप खरंच देतो का, ते विक्रेत्याला विचारा. मी विचारलं नव्हतं. माझं पहिलं यंत्र असंच २७ टनी म्हणून घरी आलं आणि मोजल्यावर १९ टनी निघालं. गंमत म्हणजे त्या १९ टनांनी सात वर्षं माझं सगळं लाकूड फोडलं. म्हणून तर म्हणतो, २० पुरे.

टन वाढवायला सिलिंडर मोठा करावा लागतो, आणि मोठा सिलिंडर भरायला तेल जास्त लागतं. मिनिटाला ११ गॅलन देणारा पंप ४ इंची सिलिंडर २४ इंच पुढे ढकलायला सात सेकंद घेतो, ५ इंची सिलिंडरला अकरा. शिवाय परतीची वेळ वेगळी. एका ओंडक्यामागे चार सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण दिवसभरात तीन-चारशे वेळा ते चार सेकंद हात बांधून उभं राहून बघा. म्हणून टनांच्या शेजारी पंपाचा आकडाही वाचा. ३७ टनी घ्यायचाच असेल तर त्याला निदान १६ गॅलनचा पंप हवा.

पंप दोन टप्प्यांचा आहे ना, तेही बघा. गिअरच्या सायकलसारखं आहे ते. सपाटीवर भरभर, चढ लागला की हळू पण जोरात. पाचर लाकडाला टेकेपर्यंत पिस्टन झपाझप येतो, गाठ लागली की इंजिनाचा आवाज खाली उतरतो आणि तो इंचाइंचाने पुढे सरकतो. काही दिवसांनी नुसत्या आवाजावरून कळतं की आत गाठ आहे.

माझ्या मते टनांपेक्षा जास्त पैसे ज्या गोष्टीवर घालावेत ती म्हणजे यंत्र उभं करता येणं. आडव्या यंत्रावर ओंडका उचलून ठेवावा लागतो. दोन फूट व्यासाचा, सोळा इंच लांब ओला ओक शंभर किलोच्या वर जातो. तुमच्या त्या पडलेल्या झाडांचे बुंधे असेच असणार. यंत्र उभं केलं की ओंडका जमिनीवरून लोळवत पाचरेखाली आणायचा, बस्स. मी बादली पालथी घालून तिच्यावर बसतो. बायको म्हणते, परसात कोणी कोयता धरून नारळ सोलत बसलंय असं दिसतं.

विजेवर चालणारे पाच-सात टनी छोटे स्प्लिटर वाईट नाहीत. इथल्या घरगुती प्लगमधून १२० व्होल्ट, १५ अँपिअर, म्हणजे १८०० वॅट मिळतात, त्यामुळे वेग टिकवून यापेक्षा फार जोर त्यांच्याकडून होत नाही. सरळ रेषेच्या, फूटभर जाडीच्या ॲशला (हे इथलं एक झाड) ते ठीक, गॅरेजमध्ये बसून चालवता येतात, पेट्रोलचा धूर नाही. पण एक्स्टेंशनची वायर जाड आणि आखूड घ्या. आणि या यंत्रावर हवा सोडायचा एक बारीक स्क्रू असतो, तो चालवण्याआधी दोन-तीन फेरे सैल करायचा आणि काम संपलं की आवळायचा. शेजाऱ्याचं यंत्र मागून आणून मी तो सैल करायला विसरलो, सील फाटलं, तेल जमिनीवर आणि मी नवीन सिलाचा किट शोधत नेटवर.

झाडं कोणती पडलीत, ते तुम्ही लिहिलेलं नाही. आमच्याकडे एमराल्ड ॲश बोररने ॲशची झाडं उभ्या उभ्या मारली. २००२ मध्ये हा किडा डेट्रॉइटच्या बाजूला पहिल्यांदा सापडला आणि पुढे सगळीकडे पसरला. तुमच्याकडेही मेलेला ॲश असण्याची शक्यता मोठी. असला तर नशीबवान आहात. तो चांगल्या कुऱ्हाडीनेही टपकन फुटतो, थंडीत गोठलेला तर आणखीच. ओकही सरळ असला तर छान फुटतो, फक्त वाळायला दोन उन्हाळे घेतो. खरी परीक्षा एल्मची. तो फुटत नाही, फाटतो. नारळाचं सोडण ओढावं तसे तंतू दोन्ही तुकड्यांना धरून राहतात, पाचर आरपार गेली तरी. मग हातात छोटी कुऱ्हाड घेऊन ते तोडत बसायचं. तिथे ३७ टन असूनही तुमचे कष्ट वाचत नाहीत.

संगमेश्वराकडे आमच्या घरी मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी म्हणून लाकडं फोडली जायची, न्हाणीच्या चुलीला. आजोबा ओंडका उभा करून आधी त्याचं तोंड बघायचे. वाळताना पडलेली चीर शोधायची, गाठ खाली ठेवायची आणि घाव चिरेवर. हायड्रॉलिक यंत्रावरही मी हेच करतो. चिरेवर पाचर धरली तर पंपाला दुसऱ्या टप्प्यात जावंच लागत नाही, आणि पेट्रोलही वाचतं.

आता बोटांचं. पाचर आणि ओंडका यांच्यामध्ये हात कधीच नाही. ओंडका कापलेल्या तोंडांना धरू नका, बाजूंनी धरा. सगळ्यात धोक्याचं म्हणजे एकाने यंत्र चालवायचा दांडा ओढायचा आणि दुसऱ्याने लाकूड लावायचं. दांडा आणि लाकूड एकाच माणसाच्या हातात हवं, दुसऱ्याने फक्त रचावं. युरोपातल्या उभ्या यंत्रांना दोन्ही हातांनी दोन दांडे धरल्याशिवाय चालता येत नाही, इथल्या बऱ्याच यंत्रांना ती सोय नसते. आणि नळीतून तेल झिरपतंय असं वाटलं तर बोट फिरवून बघू नका. त्या दाबाची बारीक चिळकांडी कातडीत शिरते आणि मग थेट हॉस्पिटल. पुठ्ठा फिरवून बघा.

विकत घ्यायचंच का? तुमची पाच-सहा झाडं ही एकदाची गोष्ट असेल तर मी भाड्याने आणीन. आधी सगळे ओंडके सोळा-सोळा इंचांचे कापून एका जागी लावून ठेवा, मग शनिवारी सकाळी यंत्र आणा, दोन मित्र बोलवा, संध्याकाळपर्यंत तीन कॉर्ड सहज होतात. दुपारी मिसळ ठेवली तर मित्र पुढच्या वर्षीही येतात. दरवर्षी लाकडावरच राहायचं ठरलं तर मग साडेचार इंची सिलिंडर, ११ ते १६ गॅलनचा दोन टप्प्यांचा पंप, उभं-आडवं दोन्ही होणारं आणि ज्याचे सुटे भाग जवळपास मिळतात असं इंजिन. मी होंडावाला घेतला, तक्रार नाही. हिवाळ्यासाठी ठेवताना टाकीतलं पेट्रोल संपवून ठेवा, नाहीतर वसंतात कार्बोरेटर साफ करत बसाल.

फ्लायव्हीलवर, म्हणजे जड फिरत्या चाकावर, चालणारे 'कायनेटिक' प्रकारही असतात, दोन-तीन सेकंदांत फोडतात. मला त्यांची भीती वाटते, बाकी काही नाही.

सालीचा आणि कापलेल्या तोंडाचा फोटो टाकाल का? ॲश की एल्म तेवढं कळलं तर भाड्याने की विकत, ते ठामपणे सांगता येईल.